साठ आकड्याचं पाणी

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झालीत. एका अनोळखी घराच्या ओट्यावर दोन काचेचे ग्लास शेजारी शेजारी ठेवलेत. निळा कोट घातलेली पन्नाशीची बाई नळाकडे बोट दाखवून घरच्या सुनेला सांगते आहे, "तुमच्याच हाताने भरा, ताई. मागाहून म्हणाल, काकूंनी काहीतरी मिसळलं."

सून हसून ग्लास भरते. मिसळायचं ते तोवर मिसळून झालेलं असतं.

दुसऱ्या ग्लासात काकूंनी पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ओतलं आहे. ते त्यांच्या कंपनीच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून काढलेलं. दोन्ही ग्लासांवर त्या एकेक झाकण बसवतात. झाकणाला खाली लोखंडाच्या सळ्या आणि वर वायर. वायर भिंतीतल्या बोर्डाला लावली की नळाचं पाणी आधी पिवळं, मग तपकिरी होतं, वर फेस येतो, आणि मिनिटभरात ते गटारासारखं दिसायला लागतं. मशीनचं पाणी होतं तसंच. आतल्या खोलीतून सासूबाई उठून येतात. "अगं बाई! हे पितोय आपण?" काकू इथे काही बोलत नाहीत. चौदा वर्षांच्या नोकरीत त्या एवढं शिकल्यात, की या क्षणी जी विक्रेती तोंड उघडते तिचं मशीन परत जातं.

तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, सळईचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजाचा रंग येतो. मशीनने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून त्या ग्लासात काही घडत नाही. ज्या भागात नळाच्या पाण्यातच क्षार कमी, तिथे हा खेळ रंगत नाही. तिथे ग्लास आधी एका फडक्याने पुसून घेतात. फडकं मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असतं. धंद्यात याला 'फडकं मारणं' म्हणतात. काकूंच्या पिशवीत अशी दोन फडकी असतात, एक वापरातलं आणि एक धुवून ठेवलेलं.

त्या राहतात त्या इमारतीत त्यांना मीटरकाकू म्हणतात. कारण दुसरं यंत्र. पेनासारखं दिसणारं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं. क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. सळ्या म्हणजे नाटक, हे काकूंना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मीटरवर मात्र त्यांचा विश्वास होता. मीटरला कमिशन मिळत नाही, असं त्या म्हणायच्या.

शहरात कुठे तीनशे येतो, कुठे साडेचारशे. त्यांच्या इमारतीत साठ. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, भाड्याची घरं, रस्त्यावरून आत येणारी एकच जुनी पाइपलाइन. नवं बिऱ्हाड आलं की बाई विचारायला यायची, "काकू, तुमच्या कंपनीचं एखादं मशीन बसवून घेऊ का?" काकू मीटर घेऊन त्यांच्या नळावर जायच्या, आकडा दाखवायच्या आणि सांगायच्या, "कशाला? असं पाणी शोधून मिळायचं नाही. उकळा आणि प्या." बारा बिऱ्हाडांत एकही मशीन नव्हतं, काकूंच्या घरीसुद्धा. बस डेपोत टाइमकीपर असलेले त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शहरभर मशीन विकते आणि घरी पातेल्यात पाणी उकळते."

बाहेर त्या जे सांगत त्यातलं निम्मं खोटं असे. इमारतीत मात्र त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही. त्यांच्या हिशेबात ही एक बाजू स्वच्छ होती.

त्यांच्या घराच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, एक शिवणवाली राहते. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लटकलेले अर्धवट ब्लाउज आणि परकर, दाराशी कापलेल्या चिंध्यांचं पोतं. दोघी एका वयाच्या. संध्याकाळी कामावरून आलं की काकू वर जायच्या आधी तिथल्या स्टुलावर टेकायच्या, पाय मोकळे करायच्या आणि दिवसभराच्या गमती सांगायच्या. शिवणवाली पायडल मारत ऐकायची आणि हसून हसून तिची टीप वाकडी जायची.

"घरात शिरलं की आधी पाळणा आहे का बघायचं, नळ मागाहून," काकू सांगायच्या. "तान्हं मूल असलं की निम्मं काम झालं."

"आणि नसलं तर?"

"मग म्हातारं माणूस बघायचं. तेही नसलं तर बाईचे केस. केस फार गळतात का हो, ताई?"

"आणि ते फुकटचं काय म्हणालीस मघाशी?"

"पंधरा दिवस फुकट वापरा. भिंतीला भोकं पडलेली, शेजारणी बघून गेलेल्या, सोळाव्या दिवशी नको म्हणायची लाज वाटते माणसाला. आणि खरा धंदा मशीनचा नाहीच. आतल्या गाळणीच्या कँडल दर वर्षी बदलायच्या, त्याचा. वस्तू घरात आली की तिच्यामागून तिचा माणूस येतो. तो जन्मभर येतो."

"धन्य आहे तुझी," शिवणवाली म्हणायची. "आणि बघ, हे सगळं मला सांगून बसलीस. आता मला तू कधी काही विकू शकणार नाहीस."

"तुला कशाला विकीन? तुझं पाणी साठ आहे."

गेल्या वर्षी शिवणवालीची मुलगी बाळंत झाली. तिची नोकरी कारखान्यात, पाळीची. ती कामावर गेली की बाळ दिवसभर आजीकडे. पावडरचं दूध, बाटली, आणि बाटलीसाठी पाणी. शिवणवालीने काकूंना विचारलं. काकूंनी मीटर बुडवून सांगितलं, "नळाचंच घे. चांगलं खळखळून उकळ, म्हणजे झालं." शिवणवाली सांगितल्यापेक्षा काकणभर जास्तच करणारी बाई. ती पाणी उकळून उकळून पातेल्यात अर्धं उरेपर्यंत आटवायची.

बाळ चार महिन्यांचं झालं, तेव्हा इमारतीसमोर केबलसाठी रस्ता खणला. खणणाऱ्याची पहार पाइपला लागली आणि पाणी उसळलं. प्लंबर आला, चिखलात उतरला आणि काकूंच्या देखत त्याने पाइपवर चाकूचं टोक ओढलं. राखाडी पाइपवर चांदीसारखी चकचकीत रेघ उठली. त्याने खिशातलं लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही.

"हे शिसं आहे," तो म्हणाला. "जुन्या काळात असेच पाइप टाकायचे. मऊ असतात, हवे तसे वाकतात. आता कुणी हात लावत नाही." तुटलेल्या जागी जोड मारून तो निघून गेला. खड्डा बुजला.

काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचा पहिला ग्लास बाटलीत भरला. रात्रभर पाइपमध्ये थांबलेलं पाणी. मग नळ पाच मिनिटं सोडून दुसरी बाटली भरली. दोन्ही बाटल्या कंपनीची तपासणी जिथे होते त्या प्रयोगशाळेत दिल्या. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसाचा फोन आला तेव्हा त्या बस स्टॉपवर उभ्या होत्या.

"काकू, पहिल्या बाटलीत शिसं अडतीस आलंय. दुसऱ्या बाटलीत चौदा. दहाच्या आत हवं. लहान मुलांना तर जितकं कमी तितकं बरं, डोक्याच्या वाढीवर परिणाम होतो."

"अहो, पण मीटर साठ दाखवतो."

"मीटर सगळे क्षार मिळून मोजतो. शिसं हजारपट बारीक मापात मोजतात, तुमच्या मीटरवरच्या एका आकड्यात शिशाचे हजार बसतात. अडतीसने त्याचा आकडा काय हलणार? आणि पाणी जितकं मऊ, तितकं ते पाइपमधलं शिसं जास्त खातं. तुमचं साठ आहे म्हणूनच हे झालंय, काकू."

बस आली आणि गेली. त्या चढल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्या डेमोला त्या अर्धा तास उशिरा पोचल्या, आणि त्या घरी मशीन विकलं गेलं.

संध्याकाळी त्या स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. शिवणवाली बटणं लावत होती.

"बाळाला नळाचं पाणी देऊ नकोस," काकू म्हणाल्या. "त्यात शिसं आहे."

"उकळूनच देते की. तूच सांगितलंस."

"उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाणी आटतं आणि शिसं खाली राहतं. तू जितकं आटवतेस, तितकं ते घट्ट होतं."

शिवणवालीचा हात थांबला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"मशीन..." काकूंनी एवढंच म्हटलं आणि शिवणवालीने दोरा दाताने तोडला.

"आलीस का गाडीवर! चौदा वर्षं लागली, पण आलीस."

"अगं, खरं सांगतेय."

"आधी पाळण्याकडे बघायचं. माझ्याच स्टुलावर बसून शिकवलंस." ती हसत होती, पण नेहमीसारखी नाही. "काय गं, साहेबांनी टार्गेट वाढवलं का?"

"माझ्या कंपनीचं नको घेऊस. दुसऱ्या कुणाचा नळाला लावायचा साधा फिल्टर घे. दाबलेल्या कोळशाचा, शिसं काढतो असं पाकिटावर लिहिलेला. मी आणून देते. पैसे नकोत."

"फुकट का? पंधरा दिवस?"

काकूंनी नळ पाच मिनिटं सोडून मग पाणी भरायला सांगितलं. शिवणवाली म्हणाली, "पाणी येतं तासभर. त्यातलं पाच मिनिटं मोरीत सोडू? पाच मिनिटांत माझे दोन हंडे होतात." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "बाई, तू दमली आहेस. चहा टाकू?"

त्या चहाला थांबल्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी असं म्हणावं तर घडा पालथा त्यांनीच घालून ठेवला होता. ग्राहक कसे जाळ्यात येतात हे एका माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि तो एकच माणूस आता त्यांचा शब्द न् शब्द ओळखत होता. काळजी केली तर तो डाव. फुकट दिलं तर जुना डाव. दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं तर नवा डाव.

पाणी खात्यात त्या जाऊन आल्या. खिडकीतल्या माणसाने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत खात्याचं, तिथून आत मालकाचं. मालक दुसऱ्या गावी. त्यांना इमारतीत कुणी पाहिलेलं नाही. भाडं घ्यायला त्यांचा भाचा येतो.

"नवा पाइप टाकायला हवा," काकू त्याला म्हणाल्या.

"मामांना विचारतो."

"छताची गळती तीन वर्षांपूर्वी मामांना विचारली होती."

"मामांचं वय झालंय, काकू. एका वेळी एकच विचारतो."

प्रयोगशाळा कंपनीची असल्यामुळे तपासणीचा निकाल साहेबांकडेही गेला होता. साहेब म्हणजे शाखेचा प्रमुख, काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाही. त्याने काकूंना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

"काकू, इतकी वर्षं तुमच्याच इमारतीत एक मशीन नाही, यावर मी कधी बोललो? नाही बोललो. आता तर खरंच गरज आहे. आपलं मशीन शिसं काढतं की नाही?"

"काढतं."

"मग खोटं काय त्यात? रविवारी तुमच्या अंगणात शिबिर लावू. डेमो तुम्हीच करा. ओळखीचा चेहरा हवा."

"साहेब, साठच्या पाण्यात सळ्या टाकल्या तर काही दिसत नाही."

"फडकं कशाला असतं?" तो म्हणाला, आणि फोन घ्यायला वळला.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते बुटाला पॉलिश करत होते. फडकं मारलं तर पाणी काळं होईल, लोक घाबरतील, मशीन घेतील आणि शिसं पोटात जायचं थांबेल. नाही मारलं तर पाणी स्वच्छ दिसेल आणि सगळे आनंदाने तेच पीत राहतील. यजमानांनी ब्रश खाली ठेवला. "इकडे आड, तिकडे विहीर. आणि तू दोन्हीकडे आधी मीटर बुडवून बघणार." मग ब्रश पुन्हा उचलत म्हणाले, "कर जे करायचं ते. राहायचं आपल्याला याच जिन्यात आहे, एवढं लक्षात ठेव."

रविवारी सकाळी अंगणात टेबल मांडलं गेलं. वर निळी छत्री, मागे कंपनीचा फलक. बाराही बिऱ्हाडांतून माणसं उतरली, काही वरच्या कठड्याला टेकून उभी राहिली. साहेबांनी शिशाबद्दल दोन शब्द सांगितले. आवाजाला धार होती, त्यामुळे ते जाहिरातीसारखे वाटले. काकूंनी पिशवी उघडली. फडकं वरच होतं. ते मारायचं की नाही, हे जिना उतरेपर्यंत त्यांचं ठरलेलं नव्हतं.

ठरवायची वेळच आली नाही. शिवणवाली गर्दीतून पुढे आली. कडेवर बाळ आणि हातात एक ग्लास.

"हा आमच्या घरचा," ती म्हणाली. "मीच घासलाय, मीच पुसलाय. फडकं तुझ्या पिशवीतच राहू दे, मीटर."

कुणालाच काही कळलं नाही, साहेबांना आणि काकूंना सोडून. काकूंनी पिशवी बंद केली आणि तोच ग्लास घेतला. नळाचं पाणी, सळ्या, वायर. सगळे वाकले. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाण्यात सळईभोवती चहा गाळलेल्या फडक्याला राहतो तेवढा पिवळा डाग आला आणि तिथेच थांबला. शेजारच्या ग्लासातलं मशीनचं पाणी आणि हे, लांबून बघणाऱ्याला सारखंच दिसत होतं.

"अरे वा!" वरच्या मजल्यावरचा एक निवृत्त कंडक्टर ओरडला. "आपलं पाणी पास!"

लोक हसले. कुणी टाळी वाजवली. काकू हात वर करून बोलायला लागल्या. "ऐका जरा. शिसं यात दिसत नाही. याने काहीच सिद्ध होत नाही. हा रंग सळईचा असतो, पाण्याचा नसतोच."

"मग इतकी वर्षं लोकांना काय दाखवलंत, काकू?" दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने विचारलं. तिने खरोखर विचारलं होतं, टोमणा नव्हता. काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब छत्रीची दांडी सैल करत होता.

"तेच दाखवलं," काकू म्हणाल्या.

पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. जाता जाता लोक एकमेकांना पाणी किती छान आहे ते सांगत होते. काकूंच्या हातून इतका प्रामाणिक डेमो आजवर झाला नव्हता, आणि त्यानंतर इमारतीत कुणी पाणी आधी सोडून देत नाही की गाळत नाही. साहेबांनी टेबल उचलताना एकच वाक्य टाकलं, "पिशवीत होतं ना ते?" काकूंनी मान हलवली.

त्याच आठवड्यात काकूंनी स्वतःच्या घरी मशीन बसवलं. कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. खोकं जिन्यातून वर गेलं तेव्हा तीन दारं उघडली आणि बंद झाली. ही इमारतीच्या दृष्टीने जाहिरातच होती. दुसऱ्या दिवशी काकू पाच लिटरचा कॅन घेऊन खाली गेल्या आणि शिवणवालीच्या दारात ठेवला.

"मशीन नाही, फिल्टर नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी आहे. बाळाच्या बाटलीपुरतं. भिंतीला भोक पडणार नाही, मागून माणूस येणार नाही."

शिवणवालीने कॅनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "यात तुझा फायदा काय?"

"काही नाही."

"हेच कळत नाही बघ." तिने झाकण उघडून वास घेतला. "बरं, ठेव. तुझ्या समाधानासाठी. बाटलीला हेच वापरीन. पण रोज देणार असशील तर. मध्येच बंद केलंस तर मी आपली नळावर जाईन."

"रोज देईन," काकू म्हणाल्या. बाळाचा प्रश्न त्या वाक्याने सुटला, आणि त्यांचा सुरू झाला.

शिवणवालीचा कॅन रोज भरला जातो हे इमारतीत कळायला वेळ लागला नाही. शिशावर कुणाचा विश्वास नव्हता, पण मशीनच्या पाण्याचा चहा बरा लागतो यावर सगळ्यांचा बसला. दुसऱ्या मजल्यावरची सून बाटली घेऊन आली, तिच्या मागून कंडक्टर. "रोज नको हो, अधूनमधून," तो म्हणाला, आणि तेव्हापासून रोज येतो. दोन घरांत शाळेत जाणारी मुलं आहेत. त्यांच्या बाटल्या काकूंनी स्वतःहून मागून घेतल्या. आता सहा घरांचे कॅन आणि बाटल्या त्यांच्या ओट्याखाली रांगेने असतात, प्रत्येकाला रंगीत दोरा बांधलेला. दोरे शिवणवालीने दिले.

काकूंचं स्वयंपाकघर आधीच अरुंद. ओटा आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसाला वळता येतं. मशीन जेवढं पाणी गाळतं त्याहून जास्त बाहेर टाकतं, आणि तिथे बाहेर काढायला मोरी नाही, म्हणून ते पाणी नळीने बादलीत घेतात. बादली भरली की बदलायची. त्या पाण्याने त्या धुणं करतात, लादी पुसतात, जिना धुतात. इमारतीचा जिना इतका स्वच्छ कधी नव्हता. यजमान डब्याची पोळी ओट्यावर न लाटता आता खाटेवर परात ठेवून लाटतात. "घर आपलं," ते म्हणतात, "पण आपण पाहुणे."

मुलगी दुसऱ्या गावी असते. ती बरेच दिवस आठवडाभर या म्हणत होती. मागच्या महिन्यात दोघं गेली. किल्ली शिवणवालीकडे, बादली बदलायची हे तिला तीनदा सांगून. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. बाळ रडत होतं, ती बादली विसरली, पाणी खोलीभर झालं आणि लादीच्या फटीतून खाली झिरपून तिच्याच कापलेल्या कापडांवर पडलं.

"मशीनमागून माणूस येतो म्हणाली होतीस," ती फोनवर म्हणाली. "इथे पूर आलाय."

त्या संध्याकाळच्या गाडीने दोघं परतली. मुलीने स्टेशनवर विचारलं, "आई, किती दिवस चालायचं हे?" ते काकूंच्या हातात नव्हतं. पाइप बदलला की संपणार. आणि पाइपचं नाव आता कुणी काढत नाही. त्यांनी बायकांना गोळा करून भाच्याकडे जाऊ म्हणून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरची सून म्हणाली, "कशाला उगाच? मिळतंय की तुमच्याकडे." भाचाही आता मामांना विचारतो असं म्हणत नाही. तो म्हणतो, "काकूंचं मशीन आहे ना?" ज्यांना शिसं खरं वाटत नाही त्यांना पाइप नको आहे, आणि ज्यांना थोडंफार खरं वाटतं त्यांची सोय झाली आहे.

नोकरी सोडायचा विचार त्यांनी एकदा केला होता, शिबिराच्या दिवशीच. आता तोही करता येत नाही. सहा घरांचं पाणी गाळून मशीनच्या कँडल लवकर संपतात आणि पाणी गाळणारा आतला पडदाही. सवलतीत मिळतात त्या नोकरीवर असेपर्यंतच. म्हणजे इमारतीत पाणी द्यायचं तर बाहेर सळ्या दाखवायच्या. साहेबांना हे ठाऊक आहे. तो त्याचा उल्लेख करत नाही, फक्त नव्या, कमी क्षारांच्या वस्त्या आता काकूंच्याच वाट्याला देतो. तिथे फडक्याशिवाय चालत नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं काकू एकदा शिवणवालीला म्हणाल्या. स्टुलावर बसणं पुन्हा सुरू झालं आहे, पण आता धंद्याच्या गमती निघत नाहीत. शिवणवाली म्हणाली, "मग सोड की." बाळ तिच्या मांडीवर होतं, बाटली तोंडात. काकू बाटलीतल्या पाण्याच्या रेषेकडे बघत होत्या.

"कॅनचंच आहे ना?"

"कॅनचंच. दिवसातून किती वेळा विचारशील?"

बाळाला आता दात येतायत. पावडरचं दूध अजून बरेच महिने चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यानंतर ते पेल्याने पाणी प्यायला लागेल.

उद्या बुधवार. नळाला पाणी पावणेसहाला येतं, म्हणून काकूंचं मशीन त्याच वेळी सुरू होतं, आणि लाल दोऱ्याचा पहिला कॅन सव्वासहाच्या सुमाराला तळमजल्यावर पोचतो.